सुप्रीमसी: स्पॅनिश व्हिलेजर कधी लढवावेत आणि कधी नाही

'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरच्या युद्धखेळात स्पॅनिश घेऊन इम्पिरियल एज (शेवटचं युग) गाठलं की कॅसलमध्ये एक बटण उजळतं: सुप्रीमसी. ही व्हिलेजरना, म्हणजे राबणाऱ्या गावकऱ्यांना, बळ देणारी टेक, एकदाच विकत घ्यायची सुधारणा. किंमत ४०० फूड आणि २५० गोल्ड, वेळ ६० सेकंद. बहुतेक खेळाडू त्या बटणाकडे फिरकत नाहीत. काही जण गंमत म्हणून एकदा घेतात, चाळीस व्हिलेजर थेट शत्रूच्या गावात घुसवतात, ते सगळे मरतात, आणि मग टेक कुचकामी म्हणून कायमची वगळतात. दोघांचंही चुकतं ते एकाच ठिकाणी. सुप्रीमसी व्हिलेजरला सैनिक बनवते असं दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. खरं तर ती व्हिलेजरला मरायला जास्त वेळ लावते. हा जादा वेळ ज्या डावात उपयोगी पडतो त्या डावात ६५० रिसोर्सेसची ही खरेदी स्वस्त आहे. बाकीच्या डावांत ते पैसे पाण्यात.

पुढचे सगळे आकडे डेफिनिटिव्ह एडिशनचे आहेत. शत्रूच्या युनिट्सना ब्लॅकस्मिथची (लोहाराच्या इमारतीतली) सर्व अपग्रेड्स मिळालेली आहेत असं धरलं आहे, कारण इम्पिरियल एजच्या उत्तरार्धात तीच परिस्थिती असते.

मुळात मिळतं काय

साध्या व्हिलेजरला २५ एचपी (जीव) आणि ३ अटॅक असतो. लूम ही टेक घेतल्यावर १५ एचपी वाढतात, शिवाय हातघाईच्या माऱ्यासाठी १ आणि बाणांसाठी २ चिलखत मिळतं. म्हणजे ४० एचपी, ३ अटॅक, १/२ चिलखत (आधीचा आकडा हातघाईचा, नंतरचा बाणांचा). सुप्रीमसी त्यावर ४० एचपी, ६ अटॅक आणि दोन्ही प्रकारचं २-२ चिलखत चढवते. बेरीज होते ८० एचपी, ९ अटॅक, ३/४ चिलखत. टेक पूर्ण झाली त्या क्षणी नकाशावरच्या तुमच्या प्रत्येक व्हिलेजरला हे मिळतं, शेतावरच्यालाही आणि खाणीतल्यालाही. पुढे जन्मणारेही तसेच येतात.

लूम राहून गेली असेल तर हेच आकडे ६५ एचपी आणि २/२ वर अडकतात. इम्पिरियलपर्यंत लूमशिवाय पोचलेला खेळाडू विरळाच, पण सुप्रीमसीवर ६५० घालण्याआधी लूमचे ५० गोल्ड भरलेत ना, एवढं पाहून घ्या.

८० एचपी म्हणजे चॅम्पियन या तलवारधारी सैनिकाच्या ७० पेक्षाही जास्त. हा आकडा वाचूनच लोक फसतात. चॅम्पियनचा अटॅक पूर्ण अपग्रेडनंतर १७ असतो, इथे ९. आणि व्हिलेजरला ब्लॅकस्मिथच्या फोर्जिंग वगैरे अटॅक वाढवणाऱ्या टेकचा काडीचाही फायदा मिळत नाही. तो ९ वरच राहतो.

या खेळात प्रत्येक वाराचं गणित साधं आहे: मारणाऱ्याचा अटॅक वजा मार खाणाऱ्याचं चिलखत, आणि उत्तर कितीही खाली गेलं तरी निदान १ एचपी कमी होतोच. यामुळेच सुप्रीमसीतले आकडे दिसायला लहान असूनही परिणाम मोठा होतो. एचपी दुप्पट झाले म्हणून जगण्याचा वेळ फक्त दुप्पट होत नाही. चिलखत प्रत्येक वारातून दोन खाते, त्यामुळे हलक्या वारांविरुद्ध फायदा दुपटीच्याही पुढे जातो.

आर्बलेस्टर या बाण मारणाऱ्या सैनिकाचा अटॅक सगळं धरून १०. नुसत्या लूमवाल्या व्हिलेजरला त्याचा बाण ८ चा लागतो, म्हणजे ५ बाणांत खेळ खलास. सुप्रीमसीनंतर तोच बाण ६ चा, आणि लागतात १४. जवळजवळ तिप्पट. हुसार या हलक्या घोडेस्वाराचा अटॅक ११: आधी ४ वारांत व्हिलेजर पडायचा, आता १० लागतात. पॅलाडिन या जड घोडेस्वाराचा अटॅक १८: आधी ३, आता ६. म्हणजे वार जितका जड तितका सुप्रीमसीचा फायदा कमी. पॅलाडिनविरुद्ध जेमतेम दुप्पट, आर्बलेस्टरविरुद्ध पावणेतीनपट.

आता उलट बाजू. हुसारला ९५ एचपी आणि हातघाईचं ३ चिलखत. साध्या व्हिलेजरचा ३ चा वार त्या चिलखतात पूर्ण जिरतो आणि नियमाप्रमाणे फक्त १ लागतो. एक हुसार मारायला ९५ वार! सुप्रीमसीनंतर प्रत्येक वार ६ चा, १६ वारांत हुसार आडवा. पॅलाडिनविरुद्ध मात्र १८० एचपी आणि ५ चिलखत समोर असतं. तिथे वार ४ चा बसतो आणि ४५ वार लागतात. पॅलाडिनच्या झुंडीवर व्हिलेजर सोडणं म्हणजे आत्महत्याच.

कोण हरतं, कोण जिंकतं

एकास एक लढतीत काय होतं ते पाहू, कारण इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

हॅल्बर्डियर (थोडक्यात हॅल्ब, भालाधारी पायदळ) ६० एचपीचा, अटॅक १०, हातघाईचं चिलखत ३. त्याचा व्हिलेजरवरचा वार ७ चा, आणि भाल्याचा प्रत्येक वार साधारण ३ सेकंदांनी येतो. १२ वार म्हणजे ३६ सेकंदांच्या आसपास. व्हिलेजर दर २ सेकंदांनी ६ चा वार करतो, १० वारांत म्हणजे २० सेकंदांत हॅल्ब संपतो. सुप्रीमसीवाला व्हिलेजर पूर्ण अपग्रेड झालेल्या हॅल्बला एकटा हरवतो, आणि तेही जवळजवळ अर्ध्या वेळात.

एलिट स्कर्मिशरची (थोडक्यात स्कर्म, लांबून भाले फेकणारा) अवस्था आणखी केविलवाणी. त्याचा भाला व्हिलेजरला ३ चा लागतो, मारायला २७ भाले. व्हिलेजर गाठू शकला तर ६ वारांत काम संपतं. 'गाठू शकला तर' हे शब्द मात्र विसरू नका, त्यावर पुढे येतोच.

हुसार एकास एक जिंकतो: त्याला लागतात साधारण १९ सेकंद, व्हिलेजरला ३२. चॅम्पियनही जिंकतो, ६ वारांत. पण एका चॅम्पियनवर दोन व्हिलेजर घातले तर चॅम्पियन पडतो आणि दोघांपैकी एक शिल्लक राहतो.

म्हणजे सोनं संपल्यावरच्या 'ट्रॅश' लढाईत, जिथे हॅल्ब, स्कर्म आणि हुसार एवढेच मोहरे उरतात, तिथे स्पॅनिश खेळाडूच्या हातात एक चौथा मोहरा असतो. त्याची किंमत ५० फूड, लाकूड शून्य, सोनं शून्य, टाउन सेंटरमधून २५ सेकंदांत तयार. हुसारला ८० फूड लागतं. आणि हा मोहरा लढत नसतो तेव्हा शेतात राबत असतो, कोणतंही सैन्य हे करत नाही.

धाडीचं खरं गणित

सुप्रीमसीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो धाडींविरुद्ध. कल्पना करा: तुमच्या लाकडाच्या जागेवर १५ व्हिलेजर आहेत आणि ५ हुसार आत घुसले. तुमचं सैन्य नकाशाच्या दुसऱ्या टोकाला.

सुप्रीमसी नसेल आणि व्हिलेजर उभे राहून लढले, तर पाच हुसार दर सेकंदाला साधारण २६ एचपी कापतात. पंधरा व्हिलेजरचे मिळून ६०० एचपी. साधारण २३ सेकंदांत लाकडाची जागा मोकळी, आणि तोवर एकही हुसार पडलेला नसण्याची शक्यता दाट.

सुप्रीमसी असेल आणि पंधरांपैकी बारा जणांना हुसारपर्यंत पोचायला जागा मिळाली, तर ते सेकंदाला ३६ एचपी काढतात. एका वेळी एकाच हुसारवर तुटून पडलात तर साधारण पावणेतीन सेकंदांना एक, म्हणजे १३-१४ सेकंदांत पाचही संपतात. तुमचे दोन, फार तर तीन व्हिलेजर जातात. चारशे फूडचे हुसार गेले, तुमचं गेलं शंभर-दीडशे फूड. आणि दुसरीकडचं सैन्य मागे बोलवावं लागलं नाही, हा नफा तर हिशेबात धरलेलाच नाही.

याला जोडूनच टाउन बेलचा हिशेब येतो. धाड आली की बरेच जण घंटा वाजवतात आणि सगळं गाव टाउन सेंटरात कोंडतात. इम्पिरियलमधला एक व्हिलेजर मिनिटाला ढोबळमानाने २० रिसोर्सेस जमवतो असं धरा. ६० व्हिलेजर अर्धा मिनिट काम सोडून पळाले तर साधारण ६०० रिसोर्सेस जमायचे राहिले. सुप्रीमसीची किंमत ६५०. शत्रू हुसारच्या धाडींवर धाडी घालतोय आणि तुम्ही दर वेळी घंटा वाजवताय, तर दुसऱ्याच घंटेला तुमचं नुकसान टेकच्या किमतीच्या पुढे जातं. अशा डावात घंटेला हात न लावता ज्या कोपऱ्यावर धाड आली तिथल्याच पंधरा-वीस जणांना लढवायचं, बाकीचं गाव काम करत राहू द्यायचं.

वेगाचा अडसर

आता 'गाठू शकला तर'. व्हिलेजरचा मूळ वेग ०.८. व्हीलबॅरो आणि हँड कार्ट या दोन्ही टेक घेतल्यावर तो ०.९७ च्या आसपास जातो. आर्बलेस्टर आणि स्कर्मिशर दोघांचा वेग ०.९६. म्हणजे बरोबरीचा मामला. मागे सरकत बाण मारणाऱ्या आर्बलेस्टरला व्हिलेजर पकडू शकत नाही, आणि पूर्ण रेंज घेतलेला आर्बलेस्टर ८ टाइलवरून (नकाशाचे चौकोन) मारतो. ते अंतर कापायलाच आठेक सेकंद लागतात. तेवढ्यात २० आर्बलेस्टर चार फैरी झाडतात. ८० बाण, म्हणजे पाच-सहा व्हिलेजर वाटेतच मेले, आणि समोरचा तोवर आणखी मागे सरकलेला. हुसारचा वेग तर हजबंड्री ही घोडदळाची टेक धरून १.६५. त्याने पळायचं ठरवलं तर तुमचे व्हिलेजर नुसतं बघत राहतील.

म्हणून एक कायदाच करून टाका: सुप्रीमसीवाले व्हिलेजर पाठलाग करत नाहीत. अंगावर आलेल्याला मारायचं, पळणाऱ्याला जाऊ द्यायचं. धनुर्धारी आले तर लढायचं नाही. १४ बाणांचा जो जादा श्वास मिळाला आहे तो टाउन सेंटर किंवा कॅसलपर्यंत पोचायला वापरायचा. टाउन सेंटरात १५ जण मावतात, कॅसलमध्ये २०, आणि आत गेलेला व्हिलेजर इमारतीच्या बाणांत भर घालतो.

हुसारना अडकवायचं असेल तर जागा महत्त्वाची. दाट झाडांच्या खोबणीत घुसलेला हुसार बाहेर पडायला अरुंद तोंड शोधतो. तिथे आधी दोन-तीन व्हिलेजर उभे करून वाट बुजवली की आतला गेला. मोकळ्या शेतांभोवती हे जमत नाही, तिथे हुसार चहूकडून निसटतो.

पुढे जाऊन कॅसल बांधताना

स्पॅनिश व्हिलेजर ३० टक्के जास्त वेगाने बांधकाम करतात हे सर्वांना माहीत असतं, पण या बोनसची सुप्रीमसीशी सांगड घालणारे कमी. शत्रूच्या दाराशी कॅसल उभारणं ही स्पॅनिशांची जुनी खोड, आणि तिथे या टेकचा फरक आकड्यांत मांडता येतो.

कॅसलचा बांधकामाचा मूळ वेळ २०० सेकंद. जास्त हात लागले की वेळ कमी होतो, पण सरळ भागाकाराने नाही. मूळ वेळेची तिप्पट करून तिला 'व्हिलेजरची संख्या अधिक दोन' ने भागायचं. दहा जणांना ६०० भागिले १२, म्हणजे ५० सेकंद. स्पॅनिशांचा बोनस लावला की साधारण ३८.

आता समजा १२ व्हिलेजर कॅसल बांधतायत, आणि ५ आर्बलेस्टर निवांत उभे राहून एकेकाला टिपतायत. तुमचं सैन्य नाही, त्यांचंही दुसरं काही नाही. सुप्रीमसीशिवाय दर २ सेकंदांना एक बांधकामवाला पडतो. २४ सेकंदांत बाराही संपतात आणि कॅसल साधारण ४४ टक्क्यांवर अडकतो. तुमचे ६५० स्टोन पायातच अडकून पडले. सुप्रीमसी असेल तर एक जण पडायला साडेपाच सेकंदांच्या वर लागतात. सातेक जण जातील, पण ४३-४४ सेकंदांना कॅसल पूर्ण होतो आणि उरलेले पाच आत शिरून बाण मारायला लागतात. हे गणित प्रत्येक बाण लागला असं धरून केलेलं आहे, प्रत्यक्षात काही बाण एकाच मरणाऱ्या व्हिलेजरवर वाया जातात, म्हणजे परिस्थिती थोडी तुमच्याच बाजूने झुकते.

पण दहाच व्हिलेजर नेले असते तर? तेच गणित सुप्रीमसी धरूनही ९१ टक्क्यांवर थांबतं. नऊ टक्के राहिलेला कॅसल म्हणजे नसलेला कॅसल. म्हणून अशा कामाला नेहमी लागतात त्यापेक्षा दोन-तीन माणसं जास्त न्या. आणि समोर पाचाऐवजी पंधरा आर्बलेस्टर असतील तर सुप्रीमसीच्या भरवशावर पाया टाकूच नका. दर दोन सेकंदांना एक जण जाईल, आणि तुम्ही पुन्हा सुप्रीमसीशिवायच्या गणितावर येऊन पोचाल. तिथे आधी कॉन्किस्टाडोर (स्पॅनिशांचे बंदूकधारी घोडेस्वार) पुढे, मग बांधकाम.

कधी विकत घ्यायची

इम्पिरियल एजला १००० फूड, ८०० गोल्ड मोजून पोचलात की खजिना रिकामा असतो. त्या क्षणी सुप्रीमसीला हात लावणं ही सर्वांत मोठी चूक. २५० गोल्ड म्हणजे ट्रेब्युशे (थोडक्यात ट्रेब) या इमारती पाडणाऱ्या एका यंत्राचं सोनं (२०० लाकूड, २०० गोल्ड) आणि वर ५० उरतात, किंवा साडेतीन कॉन्किस्टाडोर (प्रत्येकी ६० फूड, ७० गोल्ड), किंवा केमिस्ट्री ही टेक (३०० फूड, २०० गोल्ड). यातलं काहीही सुरुवातीच्या इम्पिरियलमध्ये जास्त मोलाचं.

दुसरी किंमत डोळ्यांना दिसत नाही: कॅसलचा वेळ. सुप्रीमसी ६० सेकंद कॅसल अडवते. तेवढ्यात एक ट्रेब्युशे (५० सेकंद) पूर्ण झाला असता, किंवा अडीच कॉन्किस्टाडोर. एकच कॅसल असेल आणि शत्रूचा कॅसल पाडायचा बाकी असेल तर हा मिनिट परवडत नाही. दोन कॅसल झाल्यावरच विचार करा, आणि तेव्हाही आघाडीवरच्या कॅसलमध्ये नाही, गावाच्या मागच्या कॅसलमध्ये रांगेत लावा.

स्पॅनिशांना ब्लॅकस्मिथची अपग्रेड्स सोन्याशिवाय मिळतात, त्यामुळे त्यांचं सोनं इतरांपेक्षा थोडं जास्त काळ टिकतं. एलिट कॉन्किस्टाडोरचे १२०० फूड आणि ६०० गोल्ड भरून झाले, ट्रेब चालू आहेत, आणि तरी तीन-चारशे गोल्ड पडून आहे, तर सुप्रीमसीची वेळ जवळ आली आहे. त्यानंतर एकच प्रश्न विचारायचा: शत्रू पुढच्या दहा मिनिटांत माझ्या व्हिलेजरपर्यंत पोचणार आहे का? तो हलक्या घोडदळाने धाडी घालणारा असेल, हुन किंवा मॅग्यार असेल, नकाशा उघडा असेल, तर उत्तर होय. समोर भिंती आहेत, सगळी लढाई एकाच तोंडावर चाललीय आणि व्हिलेजर मागे सुरक्षित आहेत, तर नाही. उत्तर नाही असेल तर ६५० रिसोर्सेस दुसरीकडे घाला.

नकाशावरचं सोनं संपत आलं आणि ट्रॅश लढाई दिसू लागली, तर मात्र शेवटचे २५० गोल्ड बाजूला काढून ठेवाच. उशीर झाला की बाजारात फूड विकून सोनं घ्यावं लागतं, आणि त्या वेळी बाजारभाव इतका पडलेला असतो की टेक दुप्पट महाग पडते.

लढवायचे कसे

व्हिलेजर सैनिकांसारखे स्वतःहून शत्रूवर चालून जात नाहीत. हुकूम तुम्हालाच द्यावा लागतो. एका व्हिलेजरवर डबल क्लिक केलं की पडद्यावरचे सगळे व्हिलेजर निवडले जातात. मग एका शत्रूवर राइट क्लिक, तो पडला की दुसऱ्यावर. एकाच लक्ष्यावर सगळे सोडायचे. लक्ष्य न देता मोकळ्या जमिनीवर क्लिक केलं तर ते नुसते चालत जातील आणि मार खातील. घाईत हीच चूक सगळ्यात जास्त होते.

लढाईनंतर काम पुन्हा सुरू करणं लोक विसरतात. त्यावर उपाय: शत्रूवर क्लिक केल्यानंतर शिफ्ट दाबून झाडावर किंवा खाणीवर राइट क्लिक करा, म्हणजे पुढचा हुकूम रांगेत लागतो. जमलं नाही तर आयडल व्हिलेजरची कळ दोन-तीनदा दाबून पाहा कोणी रिकामं उभं आहे का. पंधरा व्हिलेजर पाच मिनिटं रिकामे उभे राहिले तर धाडीने केलं नसतं एवढं नुकसान होतं.

व्हिलेजर दुसऱ्याच्या गावात चालून नेण्याबद्दल थोडंच: नेऊ नका. पॉप्युलेशनची मर्यादा सैनिकाला आणि व्हिलेजरला सारखीच मोजते. २०० च्या मर्यादेत लढायला पाठवलेला प्रत्येक व्हिलेजर म्हणजे एक कमी कॉन्किस्टाडोर आणि एक ओसाड शेत. समोर फक्त हॅल्ब आणि स्कर्म उरले असतील आणि तुमच्याकडे फूडचा डोंगर साठला असेल, एवढाच काय तो अपवाद.

शेजारच्या सिव्हमध्ये (खेळातल्या इतर संस्कृतींत)

व्हिलेजरवर असली गुंतवणूक करणारे स्पॅनिश एकटे नाहीत, पण त्यांची पद्धत वेगळी आहे. इंकांच्या व्हिलेजरना पायदळाच्या चिलखताची अपग्रेड्स लागू होतात, म्हणजे बचाव वाढतो, अटॅक नाही. पोलिशांच्या व्हिलेजरची जखम आपोआप भरते. बर्गंडियनांची फ्लेमिश रेव्होल्यूशन तर सरळ सगळ्या व्हिलेजरना फ्लेमिश मिलिशिया बनवते, आणि ते परत व्हिलेजर होत नाहीत. एकदाच ओढायचा चाप तो. सुप्रीमसीत मागे फिरायची सोय असते: लढलात, पुन्हा कुदळ हातात घेतली. म्हणून ती नाट्यमय कमी आणि परवडणारी जास्त.

ही टेक २००० साली 'द कॉन्करर्स' विस्तारासोबत स्पॅनिश सिव्ह आली तेव्हापासून आहे. त्या वेळी प्रत्येक सिव्हला एकच खास टेक मिळत असे, आणि स्पॅनिशांची होती हीच. लढणारा गावकरी ही कल्पना इतिहासात अगदीच निराधार नाही. डुएरो नदीच्या सीमेवर मुसलमान राज्यांशी लढताना कास्तीलने वसाहतीतल्या सामान्य लोकांनाच घोडा आणि शस्त्र ठेवायला उत्तेजन दिलं. यांना 'काबायेरो व्हियानो' म्हणत, सरदार घराण्यात न जन्मलेले घोडेस्वार. ९७४ साली काउंट गार्सिया फर्नांदेस याने कास्त्रोहेरिसच्या अशा घोडेस्वारांना खालच्या दर्जाच्या सरदारांच्या बरोबरीचे हक्क दिले. पुढे अमेरिकेतही एन्कोमिएंदा (स्थानिक लोकांकडून श्रम आणि कर घेण्याचा हक्क) मिळालेल्या वसाहतवाल्यांवर गरज पडेल तेव्हा शस्त्र घेऊन हजर व्हायची जबाबदारी होती. खेळातल्या व्हिलेजरकडे मात्र घोडा नाही, आणि त्याची उणीव वेगाच्या आकड्यात रोज जाणवते.

समोरच्याने काय करावं

तुम्ही स्पॅनिशांविरुद्ध खेळत असाल आणि एखाद्या व्हिलेजरवर क्लिक केल्यावर ८० एचपी दिसले, तर हुसारच्या छोट्या तुकड्या पाठवणं लगेच थांबवा. पाच-पाचच्या टोळ्या आता तुम्ही दान करताय. पाठवायचंच असेल तर पॅलाडिन पाठवा, त्यांना सहाच वार लागतात. नाहीतर वीसहून जास्त आर्बलेस्टर, आणि व्हिलेजर अंगावर आले की मागे सरकत मारायचं.

ऑनेजर या दगड फेकणाऱ्या यंत्राचा विचार करत असाल तर एक सावधगिरी. सुप्रीमसीआधी ऑनेजरचा ५० चा एक दगड लूमवाल्या व्हिलेजरचा चुराडा करतो. सुप्रीमसीनंतर तो ४७ चा लागतो, ८० पैकी ३३ उरतात. अगदी सीज ऑनेजरचा ७५ चा दगडसुद्धा ७२ वर येतो आणि व्हिलेजर ८ एचपीवर लंगडत उभा राहतो. एका दगडात लाकडाची जागा साफ करायची सवय असेल तर आता दोन सीज ऑनेजर न्या, आणि दोन्ही एकदम सोडा. पहिल्या आणि दुसऱ्या दगडात अंतर पडलं तर तेवढ्यात ते आठ एचपीचे पंधरा जण टाउन सेंटरात शिरलेले असतील.